छताला मेंढरं

बारामतीत एसटी स्टँडच्या मागच्या बोळात काकांचं छपाईचं दुकान होतं. नव्वदीचं दशक उताराला लागलं होतं तेव्हा मी तिथं कॉम्प्युटरवर बसायचे. काका माझे कुणी लागत नव्हते. सगळा बोळ त्यांना काका म्हणायचा, म्हणून मीही म्हणू लागले. उभी हयात त्यांनी शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवून लग्नपत्रिका आणि पावतीपुस्तकं छापली होती. मग एके वर्षी पुण्याला जाऊन त्यांनी कॉम्प्युटर आणला, आतल्या खोलीत ठेवला, खोलीला पडदा लावला, चपला बाहेर काढायची पाटी लावली, आणि स्वतःच त्याला घाबरून राहू लागले. पडद्यावरचा बाण कोपऱ्यात जाऊन बसला की ते माऊस टेबलावरून उचलून हवेत हलवायचे. शेवटी त्यांनी मला कामावर ठेवलं.

माझं गाव शेळगाव. बारामतीत मावशीकडे राहून बारावी झाले. वडिलांच्या मनात मी डी.एड. करून मास्तरीण व्हावं असं होतं. मी डीटीपीचा कोर्स केला. त्यावर ते भांडले नाहीत, नुसते बोलायचे कमी झाले, आणि ते भांडणापेक्षा वाईट होतं. आई विचारायची, तिथं दिवसभर करतेस तरी काय. मी म्हणायचे, लग्नपत्रिका करते. एवढं तिला पुरायचं. पत्रिका सगळ्यांनाच लागते.

पत्रिकेचं काम म्हणजे तोच गणपती, तीच सनई, तोच कलश. नावं बदलायची, तिथी बदलायची, 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं' ही ओळ मात्र जिथल्या तिथं. दुपारी बोळात ऊन पडलं की गिऱ्हाईक थांबायचं. काका बाहेरच्या बाकावर पेपर तोंडावर घेऊन झोपायचे आणि मी चित्रांचं सॉफ्टवेअर उघडून काहीबाही करत बसायचे. ह्या सॉफ्टवेअरचं मला फार अप्रूप होतं. त्यातलं चित्र ठिपक्यांचं नसतं, रेषांचं असतं. नखाएवढी कोयरी काढा आणि तीच भिंतीएवढी करा, तिची कड फाटत नाही. चुकलं तर रेष ओढून सरळ करता येते. कागदावर चित्र काढताना मला नेहमी खोडरबरानं कागद फाटायची भीती वाटायची. ती इथं नव्हती.

एका पत्रिकेच्या मागे फिकट कोयऱ्यांची नक्षी हवी होती. मी एका चौकोनात चार कोयऱ्या काढल्या आणि तो चौकोन शेजारी शेजारी ठेवत गेले. नक्षी झाली, पण चौकोन लपेनात. प्रत्येक चौकोनाच्या कडेला कोयऱ्या घाबरून आत सरकल्यासारख्या दिसत होत्या आणि मधून पांढऱ्या पट्ट्या गेल्या होत्या. बरेच दिवस खटपट केल्यावर मला त्यातली मेख सापडली. कोयरी कडेवरच ठेवायची, अर्धी आत, अर्धी बाहेर. मग तिची नक्कल करून ती बरोबर चौकोनाच्या रुंदीइतकी पलीकडे सरकवायची. हातानं सरकवली तर केसभर चूक होते. रुंदीचा आकडा टाकून सरकवायची. म्हणजे उजव्या कडेनं जी अर्धी बाहेर गेली ती डाव्या कडेनं आत येते. वरचं खाली, खालचं वर, तसंच. शेवटी चौकोनाबाहेरचं सगळं छाटून टाकायचं. असे दोन चौकोन एकमेकांना भिडवले आणि मधला जोड दिसेनासा झाला, तेव्हा मी काकांना झोपेतून उठवून ते दाखवलं. त्यांनी चष्मा लावून पाहिलं आणि विचारलं, "ह्यात जोड कुठंय?" मी म्हटलं, तेच तर. त्यांनी तो कागद छापून घेतला आणि दुकानात दर्शनी भिंतीला लावला.

तो कागद पाहूनच तात्यांनी विषय काढला. तात्या वरकुट्याचे. इंदापूर तालुक्यात कुठंही लग्न असो, मांडव त्यांचा. लाल-पिवळ्या पट्ट्यांचं कापड, बांबू, खुर्च्या, सगळं त्यांच्या टेंपोतून यायचं. आता त्यांच्या एकुलत्या एका मुलीचं लग्न ठरलं होतं आणि ते तिला घेऊन पत्रिका पसंत करायला आले होते. मुलगी माझ्याच वयाची, इंदापूरच्या कॉलेजात शिकलेली, बापाच्या टेंपोत पुढं बसून हिंडलेली. तात्या भिंतीवरच्या कोयऱ्यांकडे बघत राहिले. मग त्यांनी काकांना विचारलं की ही नक्षी मांडवाच्या छताएवढी करता येईल का. लोकांच्या लेकींना आयुष्यभर पट्ट्यांचे मांडव घातले, आपल्या लेकीला तरी कुणी बघितला नसेल असा घालावा, असं त्यांच्या मनात होतं.

काकांनी माझ्याकडे न बघताच "होईल की" म्हणून टाकलं. गिऱ्हाइकाला नाही म्हणणं त्यांना कधी जमलं नाही.

तात्या म्हणाले, मग मोर काढा. मुलगी इतका वेळ पत्रिकेचे नमुने चाळत होती. मान वर न करता ती म्हणाली, "मोर नगो. मेंढरं काढा."

तात्या हसले, पण ते हसू ओठांवरच राहिलं. तिच्या आजोबांनी, म्हणजे तात्यांच्या वडिलांनी, मेंढरं राखली होती. दर साली दिवाळी झाली की कळप घेऊन घाट उतरून कोकणात, आणि पावसाच्या आधी परत वर. पुढं कॅनॉलचं पाणी आलं, माळाला ऊस आला, चरायला रान उरलं नाही, तेव्हा म्हाताऱ्यानं कळप विकला. तात्यांनी मांडवाचा धंदा काढला आणि मेंढरांचा विषय घरात ठेवला, घराबाहेर कधी काढला नाही. मुलीचं सासर कळंबचं होतं. त्यांचा बागायती ऊस, कारखान्याचे सभासद, दारात ट्रॅक्टर.

"पाव्हणं काय म्हंतील?" तात्या हळूच म्हणाले.

"म्हणू द्या की. आबांनी मेंढरं राखली म्हणून आपुन हितवर आलो. माझं लगीन हाय, मला मेंढरं पायजेत."

काका मधे पडले आणि म्हणाले, घरी विचार करा. तात्या गेले. दोन दिवसांनी एकटेच आले. आबांना विचारलं तर ते नुसते ठसका लागेपर्यंत हसले म्हणाले. तात्यांनी त्याचा अर्थ होकार असा लावला होता. फक्त एक अट घातली: काढायची तर नीट काढा, लांबून बकरी वाटायला नकोत.

मी लगेच मेंढी काढायला घेतली. ढगासारखं गोल अंग, खाली चार काड्या, पुढं छोटं तोंड. अशा सहा-सात मेंढ्या काढून पान भरलं आणि मुलगी पत्रिकेचं प्रूफ बघायला आली तेव्हा मोठ्या उमेदीनं तिला दाखवलं. ती बघत राहिली. मला वाईट वाटू नये म्हणून तिनं आधी चांगली हायत म्हटलं. मग म्हणाली, "ही कुठली वो? ही पुस्तकातली हायत. आपल्या मेंढराला असं पांढरं बोचकं नसतं."

तिचं खरं होतं. मी मेंढ्या काढल्या होत्या त्या शाळेच्या पुस्तकातल्या. गंमत म्हणजे मेंढ्या मी लहानपणापासून पाहत आले होते. उन्हाळ्यात आमच्या रिकाम्या रानात वडील कळप बसवायचे, लेंड्यांचं खत पडावं म्हणून. पण बघणं आणि काढायला बघणं ह्यात फरक असतो.

त्या रविवारी मी शेळगावला गेले. एक कळप आमच्या रानात उतरलाच होता. मी वही-पेन्सिल घेऊन बांधावर बसले. मेंढरं काही स्थिर उभी राहीनात. एकीचं तोंड काढावं तर तेवढ्यात तिथं दुसरीचं ढुंगण यायचं. कळपाची मालकीण चुलीपाशी भाकरी थापत होती, ती माझ्याकडे बघून पदरात तोंड लपवून हसायची. थोड्या वेळानं वडील आले. काय चाललंय, त्यांनी विचारलं. मी सांगितलं की एका लग्नाच्या छतासाठी मेंढ्या हव्यात. बांधावर माझ्या मागं उभे राहून त्यांनी वहीत पाहिलं.

"कान चुकलं," ते म्हणाले. "कान असं उभं नसत्यात, खाली लोंबत्यात. अन् नाक फुगीर असतं."

मग ते कळपात शिरले, एक कोकरू धरलं, माझ्यासमोर मांडी घालून बसले आणि ते मांडीवर घट्ट धरून ठेवलं. "काढ आता," म्हणाले. मी काढलं. त्यानंतर एक म्हातारी मेंढी धरली, मग एक शिंगं वळलेला एडका, त्यानं मात्र त्यांना दोनदा मातीत लोळवलं. कळपाची मालकीण आता उघड उघड हसत होती. कित्येक महिन्यांनी वडील माझ्याशी इतकं बोलत होते, आणि ते सगळं मेंढ्यांच्या नाकांबद्दल होतं. संध्याकाळी जेवताना त्यांनी आईला सांगितलं की पोरगीचं काम भारी अवघड हाय.

सोमवारपासून खरी कुस्ती सुरू झाली. मी सात तऱ्हांची मेंढरं काढली: चरणारी, मागं वळून बघणारी, पाय दुमडून बसलेली, एडका, दोन कोकरं, आणि कळपात नेहमी एखाद-दुसरी असते म्हणून एक शेळीही. सगळी काळी, पिवळ्या कापडावर छापायची. एकच रंग, कारण दोन रंगांचे दोन साचे जुळवणं कुणाला झेपलं नसतं. मेंढरं चालायची मांडवाच्या दारातून बोहल्याकडे, कापडाच्या लांबीच्या दिशेनं. म्हणजे चौकोनाच्या वरच्या-खालच्या कडेवर जी मेंढी येईल तिचे पाय एका चौकोनात आणि पाठ शेजारच्या चौकोनात.

पहिला चौकोन जमला असं वाटलं म्हणून त्याचे बरेच कागद छापून मी भिंतीवर भिडवून लावले. तर सगळ्या मेंढ्यांभोवती बारीक रेघांची जाळी. चौकोनाची कड मी पुसायची विसरले होते. पडद्यावर ती केसासारखी बारीक रेघ दिसतच नव्हती, कागदावर मात्र छान उमटली होती. तात्यांची मुलगी नेमकी तेव्हाच आली. "वाघरीत घातली व्हय?" तिनं विचारलं. मेंढ्या कोंडायची जाळी म्हणजे वाघर. मग ती आणि मी दोघी इतक्या हसलो की काका पडदा सारून आत डोकावले.

कड पुसली, पुन्हा छापलं, ह्या वेळी बोळाकडच्या बाहेरच्या भिंतीला लावलं. जवळून झकास दिसत होतं. ती मुलगी बोळाच्या पलीकडे, सायकलच्या दुकानापर्यंत मागं चालत गेली आणि तिथून हाक मारून म्हणाली, "हितनं या. मधनं वाट गेल्यावानी दिसतंय."

मी गेले, डोळे बारीक करून पाहिलं. एकेका चौकोनात कुठंच मोकळं दिसत नव्हतं, पण वीस चौकोन एकत्र आले की मेंढ्यांमधल्या फटी एका ओळीत येऊन एक तिरपी पांढरी वाट सगळ्या कळपातून आरपार जात होती. त्यानंतर मी असं करत राहिले की एक कोकरू सरकवायचं, छापायचं, भिंतीला लावायचं, सायकलच्या दुकानापर्यंत जायचं. एक वाट बुजवली की दुसरीकडे फुटायची. सायकलवाला तोपर्यंत जाणकार झाला होता. मी पोचायच्या आधीच सांगायचा, ताई, अजून आहे. शेवटी मी मेंढ्यांची प्रत्येक दुसरी रांग अर्ध्या मेंढीनं पुढं ढकलली आणि फटीत शेळी बसवली. वाट गेली. सायकलवाल्यानं पान्यानंच सलाम केला.

आमचा प्रिंटर पत्राच्या कागदाएवढंच छापायचा आणि छतासाठीचा चौकोन हवा होता त्याच्या कितीतरी मोठा. पण रेषांचं चित्र असल्यामुळं त्याची काळजी नव्हती. चौकोनाचे तुकडे करून वेगवेगळ्या कागदांवर छापले, ते चिकटवले, आणि त्यांना मागून खोबरेल तेल लावलं, म्हणजे कागद पारदर्शक होतो आणि काळी मेंढी तेवढी उन्हाला अडवते. ते भेंडोळं घेऊन मी इंदापूरला छपाईवाल्याकडे गेले. तो पिशव्या आणि शाळांचे बॅनर छापायचा. त्यानं लाकडी चौकटीवर ताणलेल्या जाळीला उन्हानं घट्ट होणारा लेप दिला, वर माझा कागद ठेवून ती उन्हात धरली, मग धुतली, आणि जाळीवर मेंढ्या उमटल्या. मग लांबच्या लांब टेबलावर पिवळं कापड अंथरलं, चौकट ठेवली, रंग ओतला, रबराच्या पट्टीनं ओढला. चौकट उचलली. पुढं सरकवून पुन्हा ठेवली. दुसऱ्या वेळी चौकट उचलली आणि एका छापातली मेंढी पुढच्या छापातल्या आपल्या मागच्या पायांना बरोबर जाऊन मिळाली, तेव्हा छपाईवाला म्हणाला, "जमलं की." मला रडू येईल असं वाटलं, पण तो लगेच तिसरा छाप मारायला लागला.

सगळ्या पट्ट्या छापून, वाळवून तात्यांच्या टेंपोत घातल्या आणि मीही त्याच टेंपोतून वरकुट्याला गेले. तिथं अंगणात शिंपी मशीन मांडून बसला होता. कापडाच्या लांब पट्ट्या एकमेकींना शिवून त्याचं छत करायचं होतं. पहिल्या दोन पट्ट्या जोडून झाल्यावर त्यानं त्या अंगणात पसरल्या. सगळे भोवती उभे राहिलो.

शिलाईत दोन्हीकडची अर्धा-अर्धा इंच कापडं दुमडून आत गेली होती. ती कापडं म्हणजे जोडावरच्या मेंढ्यांची पोटं. बाकीचा कळप धष्टपुष्ट, आणि जोडाच्या रेषेवर एका ओळीत वाळक्या, पोट खपाटीला गेलेल्या मेंढ्या. संगणकात जोड जुळवताना मला शिलाई आठवली नव्हती, आणि कापड छापताना बाकी कुणाला आठवली नव्हती. तात्यांनी शिंप्याकडे बघितलं, शिंप्यानं माझ्याकडे. पुन्हा सगळं छापायला ना कापड होतं ना वेळ. तात्यांच्या चेहऱ्यावर मला तोच जुना प्रश्न दिसत होता, की पाहुणे काय म्हणतील.

आबा सोप्यात बाजेवर बसले होते. अजूनपर्यंत मी त्यांना बघितलं नव्हतं, नुसतं ऐकलं होतं. ते काठी टेकत आले, कापडाच्या कडेला थांबले आणि जोडावरून नजर फिरवत हळूहळू चालत गेले, टोकापर्यंत आणि परत. आम्ही सगळे त्यांच्याकडे बघत होतो.

"ही वाळकी कुणी काढली?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, काढली नाहीत, चुकून झाली.

"असू दे. एकबी वाळकं न्हाय असा कळप म्या तरी बघितला न्हाय." मग काठीनं एका मेंढीकडे दाखवलं. "हिला पाला टाकायला पायजे."

मुलगी आधी हसली. मग तात्या हसले, आणि ह्या वेळी पोटातून. शिंप्यानं कुणाची वाट न बघता पुढची पट्टी मशीनखाली घेतली.

लग्नाला मी, काका आणि माझे वडील असे तिघं गेलो होतो. छत ताणून बांधलं होतं आणि वरून ऊन येत असल्यामुळं ते पिवळं कापड आतून उजळलं होतं. काळी मेंढरं दारातून बोहल्याकडे निघालेली. मांडवात शिरणारा प्रत्येक माणूस आधी वर बघायचा आणि मग मागच्या माणसाच्या अंगावर आपटायचा. बायका पोरांना वर बोट करून दाखवत होत्या. तात्या मात्र दारात उभे राहून घाम पुसत होते, कारण कळंबची मंडळी आली होती आणि नवऱ्याचे वडील आत येऊन एका जागी उभे राहिले होते.

कडक इस्त्रीचे कपडे, डोक्याला फेटा, कमी बोलणारा माणूस. ते वर बघत होते. बराच वेळ. तात्या त्यांच्याजवळ गेले. मी काकांबरोबर खांबापाशी होते, सगळं ऐकू येत होतं.

"ह्यो कळप कुणाचा?" पाव्हण्यांनी विचारलं.

"आमच्या आबांचा व्हता," तात्या म्हणाले. "आता न्हाय."

पाव्हण्यांनी मान हलवली. "आमचीबी व्हती. म्या पोरगा हुतो तवा बापाबरुबर घाट उतारलाय." आणि मग, "आमी कुणाला सांगत न्हाय."

"आमीबी न्हाय," तात्या म्हणाले.

त्यानंतर नवऱ्याचे वडील जे आबांच्या शेजारी जाऊन बसले ते उठेनात. कुठल्या घाटानं उतरायचात, तिकडं पाण्याची सोय कशी, लांडग्याला काय करायचात. ह्या गोष्टी ऐकून दोन्हीकडची म्हातारी माणसं एकेक करून तिकडं सरकली. कुणी खुर्ची ओढली, कुणी सरळ सतरंजीवर बसलं. एक जण तर सतरंजीवर उताणा पडून वर बघत, काठीनं मेंढरं दाखवत बोलत होता. जी पन्नास वर्षं उसाशिवाय काही बोलली नसतील अशी माणसं खूर आणि लोकर आणि कोकरांची नावं ह्यावर बोलत होती. नवरा-नवरी अंतरपाटाच्या दोन्ही बाजूंना उभी, मामा मागं उभे, भटजी घड्याळ बघतायत, आणि अक्षता घेतलेले हात बोलण्याच्या भरात हलतायत. शेवटी नवरीनंच अंतरपाटाआडून तात्यांना हाक मारली की आबांना म्हणावं, आधी लगीन लावू. मंगलाष्टकं झाली. अर्ध्याअधिक अक्षता वर बघत टाकल्यामुळं नवरा-नवरीऐवजी करवल्यांच्या डोक्यावर पडल्या.

पंगतीत वडील माझ्या शेजारी बसले होते. त्यांनी लोकांना सांगायला सुरुवात केली होती की ते कोकरू आमच्या रानातलं आहे आणि ते त्यांनी स्वतः धरलं होतं. एडक्याचा विषय त्यांनी टाळला.

पुढची चार-पाच वर्षं तात्यांनी ते छत भाड्यानं दिलं. आधी त्यांना वाटलं होतं की लेकीचं लग्न झालं की ते घडी करून ठेवावं. पण लोक येऊन मेंढरांचाच मांडव मागायला लागले. ज्यांनी कधी मेंढरू पाळलं नव्हतं तेही मागायचे, कारण त्याखाली म्हातारी माणसं खूश राहतात आणि जेवणाची घाई करत नाहीत, असं त्याचं नाव झालं होतं. तात्यांची मुलगी कळंबहून माहेरी येता-जाता दुकानात डोकावायची, चहा प्यायची आणि मी नवीन काय केलंय ते बघून सायकलच्या दुकानापर्यंत मागं चालत जायची.

मला त्यानंतर जोड जुळवायची बरीच कामं मिळाली. एका कापडवाल्याला पिशवीवर कमळं हवी होती, एका मिठाईवाल्याला खोक्याच्या कागदावर करंज्या. आता मी कागद लावायच्या आधी विचारायचे, हे शिवणार का, दुमडणार का, चिकटवणार का, आणि त्याप्रमाणं कडेला जागा सोडायचे. काकांनी बाहेरच्या पाटीवर 'येथे सर्व प्रकारची नक्षी करून मिळेल' असं रंगवून घेतलं आणि मला न विचारता कुणालाही काहीही कबूल करणं चालूच ठेवलं.

एकदा कळंबचाच एक बागायतदार आला. त्याला मुलाच्या लग्नात उसाचं छत पाहिजे होतं. मी म्हटलं, ऊस कसा दिसतो ते मला माहीत आहे, पण काढायला बघायचा असेल तर समोर असलेला बरा. दुसऱ्या दिवशी तो मोटरसायकलला बांधून पाल्यासकट ऊस घेऊन आला, अख्खी मोळी. आम्ही ती कॉम्प्युटरच्या खोलीत भिंतीला टेकवून उभी केली. पाला पंख्याला लागत होता. सकाळभर मी कांडी, डोळे आणि पाल्याची वळणं काढली. दुपारी नमुना काढून संपला तेव्हा काकांनी विळी आणली, चपला काढून आत येऊन बसले, आणि बोळातलं ऊन उतरेपर्यंत आम्ही दोघांनी तो नमुना खाल्ला. सायकलवाल्यालाही हाक मारली.